ओवाळणीच्या ताटातला फिल्टर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या आपण समोरासमोर आलो तरी तुमची नजर चुकवायची वेळ माझ्यावर येणार नाही. हाही भित्रेपणाच — कळतं मला. पण कुठून तरी सुरुवात व्हायला हवी ना?

गोष्ट एका ऑइल फिल्टरची आहे. हसू येईल तुम्हाला. माझ्या घरचेही हसायचे. पुष्कळ वर्षं आम्ही सगळे मिळून त्या फिल्टरवर हसत आलो. त्या हसण्यातूनच तर हे सगळं झालं.

फरीदाबादला फिल्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. गाडीच्या इंजिनाला पेल्याएवढा एक पत्र्याचा डबा आटे देऊन बसवलेला असतो. इंजिनातलं ऑइल त्यातून गाळून पुढे जातं. तो डबा बरोबर आहे की नाही हे ठरवायचं, ही माझी नोकरी. म्हणजे बघा — बरोबर काय आणि चूक काय, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो.

आम्ही तिघं भावंडं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. मी थोरला, मधली वैजू, आणि धाकटा विनय — इतका धाकटा, की मी कॉलेजात होतो तेव्हा तो पहिलीत. बाबा लवकर गेले. क्वार्टर सोडावं लागलं. त्यानंतर विनयचा मी दादा कमी आणि बाप जास्त झालो. त्याला सायकल मी शिकवली, स्कूटर मी शिकवली, आणि गाडीसुद्धा फरीदाबादच्या एका मोकळ्या प्लॉटवर मीच शिकवली. हात हलका होता त्याचा. क्लच असा सोडायचा की शेजारी बसलेल्याला कळायचंही नाही. "दादा, गाडी बोलते यार," म्हणायचा. मला तेव्हा गंमत वाटायची.

वैजूचं लग्न प्रसादरावांशी झालं. माणूस नागपूरचा, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण आमच्याकडे जावयाला नावाने हाक मारत नाहीत. मी 'प्रसादराव' म्हणतो, ते मला 'दादा' म्हणतात. द्वारकेत त्यांनी फ्लॅट घेतला. शांत माणूस — आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. वेड एकच होतं, गाड्यांचं. आणि तेही वर्षानुवर्षं मासिकं वाचून भागवलेलं, कारण स्वतःकडे होती ती एक जुनी, छोटी, धापा टाकणारी गाडी. मग एका वर्षी त्यांनी धाडस केलं. परदेशी बनावटीची टर्बो पेट्रोल घेतली, सेकंडहँड, गडद निळी. पाय नुसता ठेवला तरी पाठ सीटला चिकटायची. सोसायटीतली पोरं खाली जमली होती. प्रसादराव तिच्याभोवती फिरत होते आणि मधेच रुमालाने आरसा पुसत होते — जो आधीच स्वच्छ होता.

त्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, ऑइल कोणतं घालायचं? मॅन्युअल म्हणतंय फुल सिंथेटिक, फाइव्ह-डब्ल्यू-फॉर्टी. आणि कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, सर जी, दिल्ली की गर्मी है, गाढ़ा डलवाओ."

मला किती बरं वाटलं, सांगू? जावयाने, तेही एवढ्या अधिकाऱ्याने, मला विचारावं! मी खुर्ची ओढून बसलो आणि समजावून सांगितलं. पहिला आकडा थंड इंजिनासाठी — तो जितका लहान तितकं ऑइल जानेवारीच्या सकाळी चटकन वर चढतं. दुसरा तापलेल्या इंजिनासाठी, मे महिन्यात ते किती अंग धरून राहतं त्याचा. नुसतं जाडं घातलं तर थंडीत ते वर पोचेपर्यंत धातूवर धातू घासत राहतो. आणि टर्बोचा दांडा — तो बेअरिंगला टेकतच नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. साधं ऑइल त्या उष्णतेत करपतं, म्हणून सिंथेटिक. ब्रँडवर जाऊ नका, म्हटलं. मॅन्युअलमध्ये जो मंजुरीचा कोड दिलाय तो डब्याच्या मागे छापलाय का, ते बघा. आणि शेवटी माझं लाडकं वाक्य टाकलं — "ऑइल महागातलं आणि फिल्टर फालतू, म्हणजे आसामचा चहा आणून फाटक्या गाळणीतून गाळण्यासारखं आहे."

प्रसादरावांना ते इतकं आवडलं की पुढे ते सगळ्यांना ऐकवायचे. "आमचे दादा काय म्हणतात माहीत आहे का?" अशी सुरुवात करून.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी थट्टा केली. वैजू आम्हा दोघा भावांना शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळायची. विनयने ताटात पाकीट टाकलं. मी टाकला ऑइल फिल्टर. कारखान्यातल्या स्टोअरमधून रीतसर मंजुरी घेऊन आणलेला, बरोब्बर त्याच गाडीचा, खोक्यातला. वैजू आधी बघत राहिली, मग खळखळून हसली, आणि निरांजनाशेजारच्या त्या खोक्यावर तिने कुंकवाचं बोट टेकवलं. "ओवाळणी मला आणि माल ह्यांना! वा रे दादा!" प्रसादराव तर टाळ्याच वाजवायला लागले. जेवणं झाली आणि मी नि विनय खाली गेलो, जुनं ऑइल काढलं, नवा फिल्टर बसवला, नवं सिंथेटिक भरलं. विनयने टॉर्च धरला, पाने पुढे केले, आणि शेवटी गाडी चालू करून कान देऊन ऐकलं.

मग ती प्रथाच झाली. दर भाऊबीजेला ताटात फिल्टर. पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला बोलवायचे. आमच्या भाचीला 'ओवाळणी' हा शब्द आठवायचा नाही — दिल्लीतली पोरं — ती म्हणायची, "मामा, इस बार भी फिल्टर?" आणि सगळे हसायचे. दिल्लीच्या बाजारात नकली मालाची भीती सगळ्यांनाच असते. त्यामुळे 'घरचा माणूस कंपनीतून आणतो' ह्याला केवढी किंमत! प्रसादरावांच्या ऑफिसातले लोक मला फोन करून ऑइल विचारू लागले. मी, फरीदाबादच्या कारखान्यातला एक साधा इन्स्पेक्टर — द्वारकेच्या त्या दिवाणखान्यात मी कुणीतरी होतो.

हे मी सविस्तर सांगतोय, कारण पुढचं सांगायला जीभ वळत नाही. पण सांगतो.

एका वर्षी आमच्याकडून त्या फिल्टरची लाइन दुसऱ्या प्लांटला हलवली. स्टोअरमध्ये तो फिल्टर नव्हता. मला हे दिवाळीच्या पुष्कळ आधी ठाऊक होतं. बाहेरून मागवता आला असता. मी आळस केला. मागवला तेव्हा उशीर झाला होता, आणि भाऊबीज दुसऱ्या दिवशी येऊन ठेपली. प्रसादरावांचे भाऊ-भावजय खास नागपूरहून आले होते. वैजूचा फोन आला — "दादा, ह्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय हं तुझ्या फिल्टरचं. विसरू नकोस."

तेव्हा मी सांगू शकलो असतो ना, की ह्या वर्षी पाकीट आणतो? कुणाचं काय बिघडलं असतं? थोडं हसले असते.

मी टेस्टिंगच्या टेबलावरचा एक फिल्टर उचलला. जनरेटरच्या इंजिनाचा. आटे तेच, तोंडाचं रबरी वायसर त्याच मापाचं — प्रसादरावांच्या गाडीवर तो अगदी घट्ट बसणार होता. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. त्या गाडीत फिल्टर उलटा लागतो. इंजिन बंद केलं की त्यातलं ऑइल खाली ओघळून जाऊ नये म्हणून आत रबराची एक झडप असते, केशरी रंगाची. जनरेटरचा फिल्टर तोंड वर करून सरळ टांगलेला असतो, त्याला ह्या झडपेची गरजच नसते; म्हणून ती नसते. ती नसली तर काय होतं? रात्रभर गाडी उभी राहिली की फिल्टर रिकामा होतो. सकाळी चावी फिरवल्यावर तो भरेपर्यंतचे काही क्षण इंजिन कोरडं फिरतं. टर्बोही कोरडा फिरतो. रोज. थोडा थोडा.

हे मला कुणी नंतर समजावून दिलेलं नाही. फिल्टर पिशवीत टाकताना मला हे सगळं माहीत होतं. नवीन मुलांना मी हेच तर शिकवतो.

डब्यावर अजून छपाई झालेली नव्हती. नुसता काळा पत्रा. आणि खोकं? खरं खोकं माझ्या कपाटात होतं — मागच्या वर्षीचं, त्यात मी स्क्रू ठेवायचो. स्क्रू ओतून काढले. खोक्यावर वैजूच्या बोटाचं मागच्या वर्षीचं कुंकू होतं. ते मी ओल्या फडक्याने पुसलं. पूर्ण गेलं नाही. फिकट तांबूस डाग राहिला. दुसऱ्या दिवशी तिने नेमकं त्याच जागी नवीन कुंकू लावलं, आणि नागपूरच्या मंडळींनी फोटो काढला.

खाली पार्किंगमध्ये विनयने खोकं उघडलं. त्याने डबा हातात फिरवून पाहिला.

"दादा, ह्यावर काहीच छापलेलं नाही?"

"छपाईच्या आधीचा आहे. लाइनवरून थेट उचललाय."

त्याने टॉर्च फिल्टरच्या तोंडात मारला. इतकी वर्षं माझ्याबरोबर बसून त्याची नजर तयार झाली होती. "आधीच्यांना आत केशरी रबर असायचं ना?"

"नव्या डिझाइनमध्ये नसतं."

"हा आपल्या गाडीचाच आहे ना पण?"

"बिल्कुल," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला, आणि तोंडाच्या वायसरला बोटाने नवं ऑइल लावून — जसं मी शिकवलं होतं तसंच — त्याने स्वतःच्या हाताने तो फिल्टर बसवला.

मी ठरवलं होतं की बरोबर फिल्टर आला की गुपचूप बदलून टाकायचा. आलाही तो, काही दिवसांत. मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पण गुपचूप बदलणार कसा? गाडी द्वारकेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. नुकताच बसवलेला फिल्टर का काढतोय, हे कुणीतरी विचारलंच असतं. दर रविवारी मी जायचं ठरवायचो. दर रविवारी काहीतरी कारण निघायचं. निघायचं म्हणजे — मी काढायचो.

विनय तेव्हा वैजूकडेच राहायचा. नोकरी गुडगावला, द्वारकेहून जवळ पडायचं. आठवड्यातून एखाद-दोनदा प्रसादराव त्याला गाडी देत. दुसऱ्या कुणालाही देत नसत. स्वतःच्या सख्ख्या भावालाही त्यांनी गोड बोलून नाही म्हटलेलं मी पाहिलं होतं. "विनयच्या हातात गाडी दिली की मला झोप लागते," म्हणायचे. विनयला ह्याचा केवढा अभिमान! त्या घरात माझं स्थान ऑइलमुळे होतं, त्याचं त्या किल्लीमुळे.

कडाक्याची थंडी पडली तेव्हा त्याचा फोन आला. "दादा, सकाळी स्टार्ट केली की जरा खडखडते. दोन क्षण. मग गप्प. एकदा ये ना ऐकायला."

ऐकायला जायची गरजच नव्हती मला. ती खडखड मी माझ्या खुर्चीत बसून ऐकली.

"थंडी आहे यार," मी म्हणालो, "सगळ्याच गाड्या कुरकुरतात. चलो, येतो एखाद्या रविवारी."

गेलो नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा विनय ऑफिसातल्या मित्रांना घेऊन आग्र्याला गेला, प्रसादरावांना विचारून. परतताना एक्स्प्रेसवेवर गाडीच्या मागे निळा धूर सुटला, पाठोपाठ ऑइलचा लाल दिवा लागला. त्याने गाडी लगेच कडेला घेऊन बंद केली — लगेच, असं तो पहिल्यापासून सांगत आला. पण तोवर टर्बोचा दांडा मोडला होता, ऑइल त्यातून जळून गेलं होतं आणि इंजिन आतून खरवडलं गेलं होतं. वर्कशॉपवाल्यांनी सांगितलं, इंजिन ऑइलविना फिरलंय. का फिरलं, ते आम्ही सांगू शकत नाही. दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

घरातून सर्वांत आधी मी धावलो. वर्कशॉपमध्ये जाऊन फिल्टर मी स्वतः काढून घेतला. "कंपनीत तपासायला नेतो," म्हटलं. प्रसादराव म्हणाले, "दादा, तुम्ही आहात म्हणून बरं आहे."

कारखान्यात सगळे जेवायला गेल्यावर मी तो कापला. आतला घड्यांचा कागद पसरून खिडकीपाशी धरला. जरीसारखा चकाकत होता — बेअरिंगचा चुरा. एका दिवसाचा नव्हता तो. घडीघडीत मुरलेला, थरावर थर. विनयने एका दिवसात गाडी रेटली असती तर असा दिसला नसता. हे मी कुठेही शपथेवर सांगू शकलो असतो.

मी तो कागद गुंडाळला आणि भंगाराच्या पिंपात टाकला.

पुढच्या रविवारी द्वारकेला सगळे बसलो. प्रसादराव, वैजू, आई, विनय, मी. वैजूने चहा केला होता आणि कुणी पीत नव्हतं. प्रसादरावांचा चेहरा उतरलेला. गाडी गेल्याचं दुःख होतंच, पण मला आता वाटतं, त्याहून जास्त त्यांना हे लागलं होतं की ती त्यांनी विश्वासाने ज्याच्या हाती दिली त्याने असं केलं. ते विनयकडे बघतही नव्हते. मला म्हणाले, "दादा, तुम्हीच सांगा. दिवा लागल्याबरोबर गाडी थांबवली तर इतकं होतं का?"

विनय माझ्याकडे बघत होता. त्याला तोवर कळलं होतं. कधी, ते मला ठाऊक नाही — बहुधा खडखडीच्या वेळीच शंका आली असेल, आणि फिल्टर मी घाईघाईने उचलून नेला तेव्हा खात्री झाली असेल. तो म्हणू शकला असता, 'फिल्टरवर छपाई नव्हती. आत रबर नव्हतं. मी दादाला विचारलं होतं.' एवढंच. तीन वाक्यं. पण तो तसं बोलला नाही. जावयासमोर, आईसमोर त्याने माझी लाज राखली. तो फक्त म्हणाला, "दादा, तू सांग ना."

तू सांग ना. त्याने ते मला दिलं होतं — बघा, हातात दिलं होतं. मीच सांगावं म्हणून.

आणि मी काय म्हणालो? मी जाणकाराच्या आवाजात, अगदी सावकाश म्हणालो, "ऑइल फुल सिंथेटिक होतं, मी निवडलेलं. फिल्टर तर मी कापून पाहिला, त्यात दोष नाही. टर्बो गाडी लांब पळवून आणली की लगेच बंद करायची नसते, थोडी तशीच चालू ठेवायची असते. थंड असताना रेटायची नसते. पोरं मौजेत असली की — होतं. दिवा लागलेला लक्षात आला नसेल."

'लक्षात आला नसेल.' म्हणजे मी त्याला क्षमाही करून टाकली! चार माणसांसमोर, मोठ्या मनाने.

विनयने मान वळवली. चिडला नाही. त्याचा चेहरा — लहानपणी सायकल शिकवताना मी मागून सीट धरली आहे असं सांगून हात सोडला होता. तो पुढे जाऊन वळून बघतो तर मी लांब उभा. तेव्हा तो जसा दिसला होता तसाच दिसला. तेव्हा मात्र तो पडला नव्हता.

प्रसादराव हळूच म्हणाले, "जाऊ दे. मुलगा आहे." त्यानंतर त्यांनी त्याला कधीही त्याबद्दल काही म्हटलं नाही. किल्ल्या मात्र दारामागच्या खिळ्यावरून त्यांच्या खोलीतल्या कपाटात गेल्या. छोटी जुनी गाडी होती, तिच्यासुद्धा.

निघताना विनय मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्ट वर येत होती. तो म्हणाला, "मी वाट बघत होतो, दादा."

"कशाची?" मी विचारलं. विचारवलं मला ते!

"काही नाही," तो म्हणाला. "चलो, नीट जा."

काही महिन्यांत त्याने बदली मागून घेतली, हैदराबादला. कारण विचारलं तर म्हणाला, काम चांगलं आहे. पुढे त्याचं लग्न झालं. लग्नात फुलांनी सजवलेली गाडी उभी होती आणि कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाला किल्ली देऊ नका रे! आग्र्याला नेईल!" मांडव हसला. त्याची नवी नवरी काही न कळून हसली. विनयही हसला. आणि मी — मी सर्वांत मोठ्याने हसलो. न हसून चाललं नसतं, असं तेव्हा वाटलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, "विनू मनाचा चांगला आहे, पण बेफिकीर." तिच्या तोंडचा तो शब्द मी एकदाही खोडला नाही. ती गेली तेव्हा तो शब्द घेऊनच गेली.

विनय आता गाडी चालवत नाही. घेतलीच नाही त्याने. टॅक्सीने जातो. त्याच्या बायकोने मला एकदा सहज सांगितलं, "ह्यांना आवडतच नाही ड्रायव्हिंग. भीती वाटते बहुतेक." मी म्हणालो, "असतं एकेकाचं."

आमचं बोलणं होतं. मुलांची शाळा, हवा, ब्लड प्रेशर. भाऊबीजेला तो येत नाही; सकाळी शुभेच्छांचं चित्र पाठवतो, निरांजनाचं. वैजूने सुरुवातीची काही वर्षं दोन पाट मांडले. दुसरा पाट रिकामाच राहायचा, आणि ती त्याच्यापुढेही ताट एकदा फिरवायची. आता तो पाट बाल्कनीत इन्व्हर्टरखाली आहे.

तुम्ही विचाराल, आजच हे का? गेल्या भाऊबीजेला प्रसादरावांनी नवी गाडी घेतली. विजेवर चालणारी. तिला ऑइल नाही, फिल्टर नाही. वैजू ताट घेऊन उभी राहिली आणि हसत म्हणाली, "दादा, आता काय घालणार रे ताटात? तुझं तर दुकानच बंद झालं!" सगळे हसले. आणि मग प्रसादराव आपल्या शांत आवाजात म्हणाले, "खरं सांगू का दादा, ती निळी गाडी गेली त्याचं मला काही नाही वाटत आता. पण विनयने खोटं बोलायला नको होतं. लाल दिवा बघितला नाही, एवढं म्हणाला असता तर मी त्याच दिवशी विसरलो असतो."

इतकी वर्षं त्यांना गाडी सलत नव्हती तर. खोटं सलत होतं. खोटं बोलणारा त्यांच्यासमोर पाटावर बसला होता, कपाळाला कुंकू लावलेला, आणि त्यांच्याच बायकोच्या हातचा पेढा तोंडात धरून. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

आळस केला, लाज वाटली, जावयासमोर मान राखायचा होता, घर मोडेल असं वाटलं — ही सगळी कारणं मी स्वतःला सांगून बघितली आहेत. त्यातलं एकही विनयला सांगण्याजोगं नाही.

बरोबर फिल्टर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सीलबंद. आत केशरी रबर आहे.

विनयला मी एक वाक्य देणं लागतो, वैजू आणि प्रसादरावांच्या देखत: फिल्टर चुकीचा होता, मला ते ठाऊक होतं, आणि विनय खरं बोलत होता. ते मी अजून दिलेलं नाही.